वेळापत्रकात धर्माचा तास नाही: सेवाग्रामची शाळा आणि तिथले ख्रिस्ती शिक्षक

हा भाग ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतो त्यांच्यासाठी, नेहमीसारखाच, इथे लिहून देतोय.

सुरुवात एका साध्या आठवणीने करू. तुमच्या शाळेतला परिपाठ आठवतोय? राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, प्रार्थना, सुविचार, दिनविशेष, बोधकथा. मागच्या रांगेत कुणीतरी कुणाला तरी कोपर मारतंय आणि बाई डोळे वटारून बघतायत. बहुतेकांनी साने गुरुजींची प्रार्थना म्हटली असेल, विदर्भातल्यांनी तुकडोजी महाराजांची. आणि तुम्ही चर्चच्या शाळेत असाल, तर हात जोडून, डोळे मिटून येशूची प्रार्थनाही म्हटली असेल. घरी गेल्यावर देवघरासमोर शुभंकरोती, किंवा संध्याकाळची नमाज, किंवा त्रिशरण-पंचशील. पोराला त्यात काही अडचण वाटत नाही. अडचण मोठ्यांना वाटते. पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर डिसेंबरला एकदा तरी तो वाद पेटतोच: आमच्या मुलाने ही प्रार्थना का म्हणायची?

हा वाद आजचा नाही. जवळपास दोनशे वर्षं तो आपल्याकडे चालू आहे. आणि त्यावरचं एक वेगळंच उत्तर वर्ध्यात शोधलं गेलं. गंमत म्हणजे ते शोधणाऱ्यांत, आणि पुढे वर्षानुवर्षं राबवणाऱ्यांत, ख्रिस्ती माणसं होती. आजची गोष्ट त्यांची.

आधी बायबलचा तास

वर्ध्याला जाण्याआधी शंभर वर्षं मागे, मुंबईला जाऊ.

१८३९ साल. जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्याच्या शाळेत शिकणारे दोन पारशी तरुण बाप्तिस्मा घेतात. शहरात खळबळ. प्रकरण कोर्टात जातं, कोर्ट म्हणतं की तरुण आपल्या मर्जीने गेलेत. पण पालकांनी धसका घेतला तो घेतलाच. शाळेतली मुलं पटापट काढून घेतली गेली. चार वर्षांनी, १८४३ मध्ये, नारायण शेषाद्री हा ब्राह्मण तरुण ख्रिस्ती झाला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत अजून लहान होता, तोही मिशनऱ्यांकडे राहायला गेला होता. कोर्टाने त्याला वडिलांच्या ताब्यात दिलं. आता घरी परत आलेल्या या पोराला जातीत घ्यायचं की नाही? त्यावरून ब्राह्मण समाजात दोन तट पडले. 'दर्पण'वाले बाळशास्त्री जांभेकर त्याला शुद्ध करून परत घ्यावं म्हणून उभे राहिले.

विचार करा, बारा-तेरा वर्षांचा मुलगा. त्याच्यावरून कोर्ट, शास्त्री, पाद्री आणि वर्तमानपत्रं भांडतायत. शाळेतली प्रार्थना ही किती नाजूक गोष्ट आहे, हे तेव्हा महाराष्ट्राला पहिल्यांदा कळलं.

पण याच काळातलं दुसरं चित्रही बघा. १८४१ ते १८४७ या काळात पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत एक माळ्याचा मुलगा शिकत होता, जोतीराव फुले. मिशनच्या शाळेत बायबल हा शिकवण्याचा भाग असायचा, तो जोतीरावांनीही ऐकला असणार. जोतीराव ख्रिस्ती झाले नाहीत. मग काय घेतलं त्यांनी? सगळी माणसं एकाच निर्मिकाची लेकरं आहेत, हा विचार पुढे आयुष्यभर त्यांच्या लिखाणात दिसतो. तो फक्त शाळेतून आला असं कुणी म्हणू नये. कबीर होता, थॉमस पेन होता, स्वतःचा अनुभव होता. पण शाळेतलं काहीतरी मुरलं होतं, हे नक्की. १८४८ मध्ये त्यांनी मुलींची शाळा काढली.

म्हणजे एकाच प्रकारच्या शाळेतून दोन गोष्टी बाहेर पडत होत्या. एक उपासना, म्हणजे कुणाची प्रार्थना करायची. दुसरी मूल्यं, म्हणजे माणसाशी कसं वागायचं. मिशनऱ्यांना वाटायचं की पहिल्याशिवाय दुसरं येणार नाही. पालकांना दुसरं हवं होतं, पहिलं नको होतं. पुढचं सगळं भांडण याच गाठीचं आहे.

सरकारने काय केलं? १८५४च्या वुडच्या खलित्याने मधला रस्ता काढला. सरकारी शाळांत धर्म शिकवायचा नाही. बायबल ग्रंथालयात ठेवा, मुलाने आपणहून शाळेच्या वेळेबाहेर विचारलं तर शिक्षकाने सांगावं. आणि खाजगी शाळांना, त्यात मिशनच्या शाळाही आल्या, त्यांच्या बाकीच्या शिक्षणाकडे बघून अनुदान द्यावं. कागदावर छान वाटतं. पण गावात एकच शाळा असेल आणि ती मिशनची असेल, तर निवड कसली?

नागपूरकडून वर्ध्याकडे

आपल्या विदर्भात मिशनच्या शिक्षणाची सुरुवात झाली नागपुरात. स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये आला आणि पुढच्याच वर्षी त्याने शाळा काढली. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज त्याच्याच नावाचं. भूगर्भशास्त्राचा नाद असलेला हा माणूस १८६३ मध्ये टाकळघाटजवळ जुनी शिळावर्तुळं बघायला गेला आणि परतताना ओढ्याच्या पुरात बुडून गेला. वर्धा जिल्हा त्याच्या आदल्याच वर्षी, १८६२ मध्ये, नागपूरपासून वेगळा झाला होता. पुढे स्कॉटिश मिशनचं काम आसपासच्या जिल्ह्यांतही पसरलं.

या शाळांनी एका फटक्यात जात मोडली असं नाही. पण ज्या मुलांना बाकीच्या शाळा उंबऱ्याबाहेर उभं करत होत्या, त्यांच्यातल्या कितीतरी जणांना पहिल्यांदा आत बसायला मिळालं ते इथे. त्या मुलाच्या आईबापाला प्रार्थनेचा प्रश्न वेगळा दिसत असणार. ज्याला गावातलं देऊळच बंद, त्याने "आमचा धर्म धोक्यात" असं कुठल्या तोंडाने म्हणायचं? ही बाजू आपण बहुतेक वेळा विसरतो.

आणखी एक गोष्ट. चर्चची उपासना म्हणजे साहेबी चालीची गाणी, हे चित्र मराठीपुरतं तरी लवकरच बदललं. रेव्हरंड नारायण वामन टिळकांना नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका सहप्रवाशाने नवा करार दिला. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'मध्ये त्या दिवसांत घरावर काय गुदरलं ते वाचा, हसूही येतं आणि घशात आवंढाही. टिळकांनी येशूला अभंगात आणलं, भजनात, कीर्तनात आणलं. टाळ वाजू लागले. तुकारामाच्या वाटेने आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असं ते मानायचे. त्यामुळे मराठी ख्रिस्ती शाळेतलं मूल येशूचं गाणं म्हणायचं ते आजीच्या ओवीच्या जवळच्या चालीत.

शाळेबाहेर उभा राहिलेला एक मुलगा

आता गांधींकडे येऊ, कारण वर्ध्याची गोष्ट त्यांच्याशिवाय पुढे सरकत नाही.

आत्मकथेत ते राजकोटची आठवण सांगतात. हायस्कूलजवळच्या कोपऱ्यावर मिशनरी उभे राहून हिंदू देवांची टिंगल करायचे. त्या वयात त्यांच्या मनात ख्रिस्ती धर्माबद्दल अढी बसली. नंतर विलायतेत नवा करार वाचला आणि डोंगरावरचं प्रवचन थेट काळजाला भिडलं. म्हणजे तोच धर्म. रस्त्यावर ऐकला तेव्हा किळस आली, स्वतः वाचला तेव्हा जिव्हाळा वाटला. कुणी कशा पद्धतीने समोर ठेवला, यावर सगळं अवलंबून.

१९२६ मध्ये एक मजेदार प्रसंग घडला. अहमदाबादच्या गुजरात विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी त्यांना आठवड्यातून एकदा काहीतरी शिकवायची विनंती केली. काय वाचायचं, तर बहुमताने ठरलं नवा करार. गांधी शिकवू लागले आणि पत्रांचा भडिमार सुरू झाला. हे काय चाललंय? तुम्ही छुपे ख्रिस्ती आहात का? गीता का नाही, कुराण का नाही? त्यांचं 'यंग इंडिया'तलं म्हणणं साधं होतं: मुलांनी मागितलं ते मी दिलं. दुसरा ग्रंथ मागतील तर तोही वाचू. दुसऱ्याचे धर्मग्रंथ आदराने वाचल्याने आपला धर्म पातळ होत नाही.

लक्षात ठेवा, "मुलांनी मागितलं". पुढे लागणार आहे.

२२ ऑक्टोबर १९३७, वर्धा

प्रांतांत काँग्रेसची मंत्रिमंडळं नुकतीच आली होती. पहिल्यांदाच शाळा आपल्या लोकांच्या हातात येणार होत्या. वर्ध्याच्या नवभारत विद्यालयात, म्हणजे पूर्वीच्या मारवाडी विद्यालयात, २२ आणि २३ ऑक्टोबरला शिक्षण परिषद भरली. अध्यक्ष गांधी. तिथून एक समिती नेमली गेली, तिचे प्रमुख डॉ. झाकीर हुसेन, जे पुढे राष्ट्रपती झाले. समितीत विनोबा होते, काका कालेलकर होते, किशोरलाल मश्रुवाला होते. निमंत्रक होते त्याच विद्यालयाचे मुख्याध्यापक ई. डब्ल्यू. आर्यनायकम्, सिलोनमधल्या जाफन्याचे तमिळ ख्रिस्ती. आणखी एक सदस्य होते जे. सी. कुमारप्पा, तंजावरच्या ख्रिस्ती घरातले.

हिंदू, मुसलमान आणि ख्रिस्ती माणसं एका टेबलाभोवती बसून देशभरच्या पोरांचं वेळापत्रक आखतायत. आणि ते वेळापत्रक असं होतं. रोज साडेपाच तास शाळा. त्यातले ३ तास २० मिनिटं हस्तोद्योग: सूतकताई, विणकाम, सुतारकी, शेती. ४० मिनिटं मातृभाषा. ४० मिनिटं संगीत, चित्रकला आणि गणित मिळून. ३० मिनिटं समाजशास्त्र आणि विज्ञान. १० मिनिटं व्यायाम, १० मिनिटं सुट्टी. (हो, सुट्टी दहाच मिनिटं. त्या काळातल्या पोरांबद्दल मला मनापासून सहानुभूती आहे.)

आता यात धर्माचा तास शोधा. नाहीये.

लोकांनी गांधींना विचारलंच: तुम्ही, रोज दोन वेळा प्रार्थना करणारा माणूस, शाळेतून धर्म काढून टाकता? त्यांनी १९३८च्या उन्हाळ्यानंतर 'हरिजन'मध्ये दिलेल्या उत्तराचा सारांश सांगतो. आज धर्म ज्या पद्धतीने शिकवले आणि पाळले जातात, त्याने माणसं जवळ येण्याऐवजी भांडतात, म्हणून आम्ही ते ठेवले नाहीत. पण सगळ्या धर्मांत जे समान सत्य आहे ते प्रत्येक मुलाला मिळालंच पाहिजे. मात्र ते पुस्तकातून किंवा शब्दांतून देता येत नाही. शिक्षकाच्या रोजच्या जगण्यातूनच ते मुलाला मिळू शकतं.

हे ऐकायला गोड आहे, पण नीट बघितलं तर भयंकर कडक आहे. धर्माचा तास ठेवला तर शिक्षक ४० मिनिटं चांगुलपणा शिकवून मोकळा. तास काढून टाकला तर तो दिवसभर परीक्षेला बसला. तो कुणाच्या ताटाशेजारी बसतो, संडास कोण साफ करतं, चुकलेल्या पोराशी तो कोणत्या आवाजात बोलतो, हेच पाठ्यपुस्तक.

तरीही भांडण झालंच

सगळं गोडीत झालं असं सांगितलं तर ती खोटी गोष्ट होईल.

आपल्याच मध्य प्रांत-वऱ्हाडात रविशंकर शुक्ल यांनी गावोगावी नव्या शाळांची योजना आणली आणि नाव दिलं 'विद्या मंदिर'. झालं. मुसलमान पालक म्हणाले, आमच्या मुलांनी मंदिरात शिकायला जायचं का? शुक्लांची बाजू अशी की मंदिर म्हणजे इथे घर, वास्तू. पण नुसता शब्दार्थ सांगून मनातली भीती जात नाही. १९३८ मध्ये मुस्लिम लीगच्या पीरपूर अहवालात काँग्रेसच्या राज्यातल्या तक्रारींची यादी आली, त्यात शाळांत वंदे मातरम्, विद्या मंदिर आणि वर्धा योजना हे सगळं होतं. ज्या योजनेच्या समितीचे प्रमुख झाकीर हुसेन होते, तिच्यावरही.

अहवालात राजकारण होतं, अतिशयोक्ती होती. पण एक मुद्दा खरा होता. बहुसंख्यांना जे 'साधं, सगळ्यांचं' वाटतं, त्याला कुणाचा तरी वास असतोच. तो वास ज्याचा त्याला येत नाही. मिशनऱ्यांना बायबलचा तास सगळ्यांच्या भल्याचा वाटायचा. शुक्लांना 'मंदिर' हा शब्द सगळ्यांचा वाटला.

तीन ख्रिस्ती माणसं

एप्रिल १९३८ मध्ये सेवाग्रामला हिंदुस्तानी तालीमी संघ सुरू झाला. (गावाचं नाव तेव्हा शेगाव होतं, सेवाग्राम झालं १९४० मध्ये.) अध्यक्ष झाकीर हुसेन, मंत्री आर्यनायकम्. आर्यनायकम् आधी शांतिनिकेतनात रवींद्रनाथांजवळ होते. तिथल्याच आशादेवींशी त्यांचं लग्न झालं आणि दोघांनी मिळून सेवाग्रामची शाळा उभी केली. मुलं त्यांना कशी ओळखायची? सूत कातणारे, झाडू मारणारे, बागेत खणणारे गुरुजी म्हणून.

कुमारप्पा वर्ध्यातच मगनवाडीत होते. लंडनमध्ये हिशेबनीस म्हणून शिकलेले, अमेरिकेत अर्थशास्त्र शिकलेले. तेलघाणी, हातकागद, गूळ, मधमाश्या असे ग्रामोद्योग १९३४ पासून त्यांनी उभे केले. 'छोडो भारत'च्या काळात ते जबलपूरच्या तुरुंगात गेले आणि तिथे दोन पुस्तकं लिहिली. एक टिकाऊ अर्थव्यवस्थेवर, दुसरं येशूच्या आचरणावर आणि शिकवणुकीवर. त्यांना ही दोन पुस्तकं वेगळ्या विषयांची वाटतच नव्हती. शेजाऱ्यावर प्रेम करा हे रविवारी म्हणायचं आणि सोमवारी शेजारच्या तेल्याचा धंदा बुडवून गिरणीचं तेल आणायचं, हे त्यांना पटत नव्हतं.

तिसरी व्यक्ती मार्जोरी साइक्स. यॉर्कशायरच्या खाणपट्ट्यात १९०५ मध्ये जन्म, केंब्रिजमध्ये शिक्षण. १९२८ मध्ये त्या मद्रासला आल्या त्या मिशनच्या मुलींच्या शाळेत शिकवायला. पुढे तिथे मुख्याध्यापिका झाल्या. म्हणजे चर्चची शाळा त्यांनी आतून बघितली होती, चालवली होती. मग ती सोडून १९३९ मध्ये शांतिनिकेतन आणि १९४९ मध्ये सेवाग्राम. गांधी गेल्यानंतरच्या त्या कठीण वर्षांत त्यांनी नयी तालीमच्या शिक्षकांना घडवलं. नयी तालीमचा इतिहासही पुढे त्यांनीच लिहून ठेवला.

साइक्स क्वेकर होत्या. हा पंथ ख्रिस्ती धर्मातलाच, पण त्यांच्या उपासनेत पाद्री नसतो आणि ठरलेले विधीही नसतात. लोक गोल बसतात आणि गप्प राहतात. कुणाला आतून काही सुचलं तर उठून दोन वाक्यं बोलतो, नाही तर तासभर नुसती शांतता. अशा पंथातल्या बाईला "धर्म शब्दांनी शिकवता येत नाही" हे वाक्य परकं वाटलं नसणार.

मिशनच्या शाळेतून सेवाग्रामला येताना या माणसांनी येशू मागे ठेवला होता का? मला तसं दिसत नाही. बायबलमध्ये एक प्रसंग आहे. शेवटच्या जेवणाच्या वेळी येशू कमरेला टॉवेल गुंडाळतो आणि शिष्यांचे धुळीने माखलेले पाय धुतो. ते काम तेव्हा घरच्या गुलामाचं होतं. आता सेवाग्रामची शाळा बघा. इथे शिक्षक आणि मुलं मिळून झाडतात, स्वयंपाक करतात, संडास साफ करतात. जे काम गावात एका जातीच्या माथी मारलेलं होतं, ते इथे रोजच्या शाळेत आलं. पाय धुण्याची ती गोष्ट तासाला न सांगता करून दाखवलेली आहे.

मग प्रार्थना होती की नव्हती?

होती. अभ्यासक्रमात नव्हती, आश्रमाच्या दिवसात होती. पहाटे आणि संध्याकाळी, उघड्यावर, मातीवर बसून. त्यात ईशावास्य होतं, गीतेतली स्थितप्रज्ञाची लक्षणं होती, कुराणातली फातिहा होती, पारशी प्रार्थना होती. आश्रमात जपानी भिक्खू राहायचे, त्यांचा बौद्ध मंत्रही होता. आणि ख्रिस्ती भजनं होती. कार्डिनल न्यूमनने १८३३ मध्ये लिहिलेलं प्रकाशाला साकडं घालणारं गीत गांधींचं फार लाडकं, नरसिंहराव दिवेटियांनी त्याचं गुजराती रूप केलं होतं.

याची बीजं आधीची होती. १९२४ मध्ये दिल्लीत गांधींनी हिंदू-मुस्लिम ऐक्यासाठी २१ दिवसांचा उपास केला. तो सोडताना इमामसाहेबांनी फातिहा म्हटली, चार्ली अँड्र्यूजने क्रूसावरचं गीत गायलं आणि वर्ध्याहून गेलेल्या विनोबांनी उपनिषद म्हटलं. एकाने दुसऱ्याचं म्हणायचं नाटक केलं नाही. प्रत्येकाने आपलं म्हटलं, बाकीच्यांनी ऐकलं. विनोबांनी पुढे 'ख्रिस्त-धर्म-सार' हे बायबलमधल्या निवडक वचनांचं पुस्तक तयार केलं.

पण इथे थांबून दोन कडू प्रश्न विचारायला हवेत.

पहिला प्रश्न ख्रिस्ती माणसाचा. ज्याच्यासाठी येशू हाच मार्ग आहे, त्याला आठ प्रार्थनांतली एक प्रार्थना म्हणून येशू मिळाला, तर तो आदर की पातळ केलेला येशू? अनेक श्रद्धाळू ख्रिस्ती लोकांना हे तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही, आणि त्यांचं म्हणणं वेडगळ नाही.

दुसरा प्रश्न विदर्भाचा. सेवाग्रामपासून ऐंशीएक किलोमीटरवर नागपूरच्या दीक्षाभूमीवर १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी लाखो लोकांसह बुद्धाचा धम्म स्वीकारला. एका दिवसात कितीतरी घरांतली प्रार्थना बदलली. त्या घरातल्या मुलाला प्रार्थनेत बौद्ध मंत्र ऐकू येतो, पण शेवटी रामधून आली की तो काय करणार? बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञांत राम-कृष्णाला देव न मानण्याची प्रतिज्ञा आहे. सर्वधर्म प्रार्थनेलाही मधलं माणूस ठरलेलं असतं आणि कडेची माणसंही ठरलेली असतात.

न म्हणणारं मूल

या प्रश्नांवर सगळ्यात चांगलं उत्तर मला मिळतं ते प्रार्थनेत काय आहे यापेक्षा, जे मूल प्रार्थना म्हणत नाही त्याच्याशी शाळा कशी वागते यात.

मार्जोरी साइक्सच्या देशात, इंग्लंडमध्ये, १९४४च्या शिक्षण कायद्याने सरकारी मदतीच्या प्रत्येक शाळेत दिवसाची सुरुवात सामूहिक उपासनेने करणं बंधनकारक केलं. पालकाने लिहून दिलं तर मूल बाहेर. अमेरिकेत उलट झालं, १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारने रचलेली प्रार्थना सरकारी शाळेत नको म्हणून सांगितलं.

आपल्या राज्यघटनेचं अनुच्छेद २८ वाचा, छोटंसंच आहे. पूर्ण सरकारी पैशांवर चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण नाही. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत, म्हणजे चर्चच्या शाळेतही, धर्मशिक्षण किंवा उपासना असू शकते. पण कुणालाही, आणि मूल अज्ञान असेल तर पालकाच्या संमतीशिवाय, तिथे बसायला लावता येणार नाही. दुसरीकडे अनुच्छेद ३० अल्पसंख्याकांना आपल्या शाळा काढायचा आणि चालवायचा हक्क देतं. म्हणजे चर्चला आपली प्रार्थना ठेवायची मुभा, आणि तुमच्या मुलाला न म्हणायची मुभा. दोन्ही एकत्र. १८४३ च्या श्रीपतला यातलं काहीही मिळालं नव्हतं.

आणि कसोटीची वेळ आली ती केरळात. १९८५ मध्ये यहोवाचे साक्षीदार या ख्रिस्ती पंथाची तीन भावंडं राष्ट्रगीताला आदराने उभी राहायची, पण गायची नाहीत, कारण त्यांच्या श्रद्धेत ते बसत नव्हतं. शाळेतून काढलं. पुढच्या वर्षी बिजो इमॅन्युएल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावलं. उभं राहणं पुरेसं आहे, गाण्याची सक्ती नको.

इथे पुन्हा १९२६ चं ते वाक्य आठवा: मुलांनी मागितलं. मागितलेली प्रार्थना मनात मुरते. लादलेली प्रार्थना पाठ होते आणि शाळा सुटली की विसरली जाते, किंवा आयुष्यभर सलत राहते.

आज

सेवाग्रामच्या नयी तालीमच्या आवारात २००५ पासून आनंद निकेतन ही मराठी माध्यमाची शाळा पुन्हा सुरू आहे. मुलं भाजी पिकवतात, स्वयंपाक करतात, सूत कातात, आणि त्यातूनच गणित-विज्ञान शिकतात. कधी वर्ध्याला गेलात तर बापू कुटी बघून सेल्फी काढून लगेच परत फिरू नका. त्या आवाराकडेही चक्कर मारा.

आर्यनायकम् १९६७ मध्ये गेले, मार्जोरी साइक्स १९९५ मध्ये. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या मुलांतली किती जण ख्रिस्ती झाली, हा प्रश्न कुणी विचारला नाही, कारण त्यासाठी ते तिथे आलेच नव्हते. आणि तरीही त्या शाळेत येशूचं काही नव्हतं असं मला म्हणवत नाही. झाडू धरणाऱ्या त्या हातांत होतं.

तेव्हा पुढच्या वेळी ग्रुपवर "आमच्या मुलाने ही प्रार्थना का म्हणायची" हा मेसेज आला, मग ती प्रार्थना कुठल्याही धर्माची असो, तर लगेच बाजू घेऊ नका. आधी दोन गोष्टी विचारा. जे मूल म्हणत नाही, त्याला शाळा काय करते? आणि शाळेचे संडास कोण साफ करतं?

त्या शाळेने मुलांना काय दिलं, ते त्या दोन उत्तरांतून कळेल.

आजच्यासाठी एवढंच. तुमच्या परिपाठातली एखादी आठवण असेल, गोड किंवा कडू, तर नक्की कळवा. हा भाग आवडला तर तुमच्या एखाद्या जुन्या बाईंना किंवा सरांना पाठवा, त्यांना बरं वाटेल. भेटू पुढच्या भागात. तोवर, काळजी घ्या.